जुनी सायकल ऑनलाइन घेताय? आधी मापं, मग फोटो, पैसे सगळ्यात शेवटी

जुन्या सायकलींबद्दल मला जे प्रश्न येतात, ते बहुतेक पैसे भरून झाल्यावरचे असतात. कुणाची कॅसेट (मागची दातेरी चक्रं) हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, चढत नाही, कुणाची सीट पोस्ट (सीट धरणारा दांडा) फ्रेममध्ये गंजून बसलेली असते, कुणाला सायकल एक साइज मोठी निघते. उत्तरं अवघड नसतात, फक्त प्रश्न आठवडाभर आधी पडायला हवा होता. बहुतेकांचं घोडं क्रमापाशीच अडतं. आधी फोटो आवडतो, मग भाव पटतो, मग पैसे जातात, आणि मोजपट्टी बाहेर येते ती थेट पेटी उघडल्यावर. खाली सगळी कामं ज्या क्रमानं करायला हवीत त्या क्रमानं दिली आहेत. मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका.

लागणारं सामान थोडकंच: मोजपट्टी, व्हर्नियर कॅलिपर (प्लास्टिकचाही चालेल) आणि मापं लिहायला एक कागद.

## १. स्वतःची मापं घ्या

जाहिराती उघडायच्या आधी हे उरकून टाका. एकदा एखादी सायकल मनात भरली की माणूस आपलं मापही तिच्या सोयीनं घेतो.

बूट काढून भिंतीला पाठ टेकून उभे राहा. दोन पायांमध्ये एक जाडसर पुस्तक आडवं धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या. हे तुमच्या पायाचं आतलं माप. त्याला ०.८८ नं गुणलं की क्रँकच्या मध्यापासून (पेडलचे दांडे ज्या एक्सलवर फिरतात, तिथून) सीटच्या वरच्या बाजूपर्यंतची उंची साधारण मिळते. माप ८० सेंमी असेल तर सीट सुमारे ७० सेंमीवर येईल. हा सुरुवातीचा आकडा आहे. पुढे सेंटिमीटरभर इकडे-तिकडे होणारच.

फ्रेमचा वरचा दांडा जमिनीपासून किती उंच आहे, तेही लागेल. रस्त्यावरच्या सायकलीला हा दांडा तुमच्या आतल्या मापापेक्षा निदान २-३ सेंमी खाली हवा आणि कच्च्या रस्त्यावर, डोंगरात चालवायची असेल तर ५ सेंमी किंवा जास्तच.

आता सगळ्यात उपयोगाचं काम. तुम्हाला आरामात चालवता येते अशी एखादी सायकल शोधा, मित्राची असली तरी चालेल, आणि तिची दोन मापं टिपून ठेवा: क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची, आणि सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर. विक्रेत्याला हीच दोन मापं मागायची.

इशारा: '५४' किंवा 'मीडियम' या लेबलावर विसंबू नका. एक कंपनी सीटची नळी तिच्या टोकापर्यंत मोजते, दुसरी वरच्या दांड्याच्या मध्यापर्यंत. उतरता दांडा असलेल्या फ्रेमला तर त्या आकड्याचा फारसा अर्थच उरत नाही. मॉडेल आणि वर्ष कळलं तर कंपनीच्या तक्त्यातले 'स्टॅक' आणि 'रीच' हे दोन आकडे बघा. क्रँकच्या मध्यापासून पुढच्या नळीच्या (फ्रेमची हँडलखालची आखूड नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि आडवं अंतर म्हणजे रीच. दोन वेगळ्या कंपन्यांच्या फ्रेम याच आकड्यांवरून खात्रीनं ताडून बघता येतात.

थोडी लहान फ्रेम स्टेम (हँडल धरणारा जोड) आणि सीट पोस्ट बदलून जमवता येते. मोठी फ्रेम कशानंही लहान होत नाही. दोन साइजच्या मधे अडकलात तर लहान घ्या.

## २. जाहिरात नीट वाचा, जे लिहिलं नाही तेही

कंपनीच्या कॅटलॉगमधला फोटो लावलेली जाहिरात सरळ सोडून द्या. खरे दिसणारे फोटोही इमेज सर्चमध्ये टाकून बघा. तोच फोटो दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत सापडला तर पुढे बोलण्यासारखं काही नाही.

काही वाक्यं नेहमीची आहेत आणि त्यांचे अर्थही ठरलेले आहेत. 'गिअर थोडे सेट करावे लागतील' याचा अर्थ बरेचदा डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा, वाकला आहे किंवा चेन-कॅसेट झिजली आहे. नुसतं सेटिंगचंच काम असतं तर विकण्याआधी त्यानं ते करूनच घेतलं असतं. 'बरेच दिवस उभी आहे' म्हणजे टायर, ट्यूब, केबल आणि ब्रेकची रबरं नवी धरा. 'किरकोळ ओरखडे' असतील तर कुठे आहेत ते विचारा. पेडलचं टोक, डिरेलरची बाहेरची बाजू, ब्रेक लिव्हरचं टोक आणि सीटची कड एकाच बाजूनं खरचटलेली असेल तर सायकल त्या कुशीवर पडलेली आहे. पडली म्हणून ती बाद होत नाही, पण हँगर आणि लिव्हर बारकाईनं बघायचं हे ठरलं.

जाहिरातीत गिअर सेटचं मोठं नाव असेल तर ते नाव सायकलीवर नेमकं कुठे कुठे आहे ते बघा. मागचा डिरेलर नजरेत भरतो, म्हणून तेवढाच वरच्या दर्जाचा आणि क्रँक, ब्रेक, चेन खालच्या दर्जाचे, असं कारखान्यातूनही सर्रास येतं. सायकलीची किंमत सगळा सेट धरून ठरवा.

## ३. हे फोटो मागवा

इथे वेळ द्या. जुन्या सायकलीच्या व्यवहारात फसगत झालीच तर ती बहुधा न मागितलेल्या फोटोत लपलेली असते. दिवसाउजेडी, पुसलेल्या सायकलीचे फोटो हवेत असं सांगा. एका फोटोत सायकलीशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा, म्हणजे सायकल खरंच त्याच्या हाताशी आहे हे कळतं.

पुढच्या नळीच्या मागे, खालच्या बाजूनं. समोरून धडक बसली की वरचा दांडा आणि खालचा दांडा जिथे पुढच्या नळीला मिळतात, त्याच्या दोन-चार सेंटिमीटर मागे फ्रेम दुमडायला लागते. स्टीलच्या फ्रेमवर तिथे रंगाला बारीक सुरकुती किंवा फुगवटा दिसतो, तोही दांड्याच्या पोटाखाली, म्हणजे वरून काढलेल्या फोटोत कधीच येत नाही असा. कॅमेरा जमिनीलगत धरून काढलेला फोटो हवा. सुरकुती दिसली की ती फ्रेम सोडा, भाव काहीही असो.

वेल्डिंगचे सांधे. अॅल्युमिनियमला तडा जातो तो बहुतेक क्रँकच्या नळीभोवती, सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला, मागच्या चाकाच्या खाचेपाशी आणि पुढच्या नळीच्या सांध्यावर. रंगातली एक केसासारखी रेघ, तिच्या कडेनं काळपट मळ. ओरखडा आहे की तडा, हे फोटोवरून ठरत नसेल तर तडा समजा.

मागच्या डिरेलरचा फोटो, सायकलीच्या बरोब्बर मागून. कॅमेरा हबच्या उंचीवर. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं एकाखाली एक, सरळ रेषेत आणि चाकाला समांतर दिसली पाहिजेत. खालचं चाक स्पोककडे झुकलेलं असेल तर हँगर आत वाकला आहे. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला हँगर सहसा वेगळा स्क्रूनं बसवलेला असतो आणि बदलता येतो, मात्र त्याचे आकार इतके आहेत की त्या फ्रेमचा हँगर मिळतो का, हे सायकल घ्यायच्या आधी बघावं लागतं.

सीट पोस्ट पूर्ण बाहेर काढून. बरेच विक्रेते या फोटोला टाळाटाळ करतात. अॅल्युमिनियमची पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिली की दोन्ही धातू एकमेकांना धरतात आणि मग ती करवतीनंच निघते. पोस्ट बाहेर आलेली दिसली की तीन गोष्टी एकदम कळतात: ती अडकलेली नाही, तिच्यावरचा व्यास किती, आणि 'याच्या वर काढू नये' ही खूण कुठे आहे. पहिल्या पायरीतली सीटची उंची त्या खुणेच्या आत बसते ना, हे तिथल्या तिथे ताडून बघा.

रिम. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर ब्रेक लागतो तो पट्टा जवळून. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा खळगा असतो. तो दिसेनासा झाला, किंवा पट्टा आतल्या बाजूला बशीसारखा खोल गेला, तर रिम संपली. नवीन रिम, स्पोक बांधणी आणि आउट (चाकाचं डगमगणं) काढण्याची मजुरी, एवढं सगळं हिशेबात येतं. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कची जाडी विचारा. शिमानो कंपनीची डिस्क नवी असताना १.८ मिमी असते आणि १.५ ला बदलायची असते.

क्रँकच्या आतल्या बाजू, पेडल काढून. पेडलचे आटे धड आहेत का हे बघायला. शिमानोच्या ११ गिअरच्या रोड सेटमधली अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस क्रँक असेल तर तिच्या पाठीवरची दोन अक्षरी तारीख-खूणही मागा. जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेल्या हॉलोटेक (आतून पोकळ) क्रँकच्या काही मॉडेलमध्ये चिकटवलेले दोन भाग सुटू लागतात म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीनं तपासणी आणि बदलून देण्याची मोहीम जाहीर केली. खुणेतलं पहिलं अक्षर वर्षाचं असतं ('के' म्हणजे २०१२, 'आर' म्हणजे २०१९), दुसरं महिन्याचं. अशी क्रँक आधी तपासून घेतली आहे का, ते विचारा.

क्रँकच्या नळीखालचा सिरियल नंबर. याबद्दल पुढे सातव्या पायरीत.

त्यानंतर एक छोटा व्हिडिओ: दोन्ही चाकं उचलून फिरवलेली (ब्रेकच्या रबराशी अंतर कमी-जास्त होतं का, म्हणजे आउट किती आहे ते दिसतं), सगळे गिअर एकदा वर आणि एकदा खाली, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवलेली, आणि क्रँक हातात धरून आडवी ओढून-ढकललेली.

थांबा आणि तपासा: मागितलेल्यापैकी दोन-तीन फोटो सोडून बाकीचे आले, तर न आलेले कोणते ते बघा. तेच पुन्हा मागा. दुसऱ्यांदाही नेमके तेच राहिले तर कारण समजायला हरकत नाही.

### कार्बनचं वेगळं आहे

कार्बनचा आतला थर फुटलेला असला तरी वरून रंग शाबूत असू शकतो. नाण्यानं टकटक करून बद्द आवाज ऐकायचा, हा उपाय संशय घ्यायला ठीक आहे, निर्धास्त व्हायला नाही. माझं मत सरळ आहे: कार्बनची जुनी फ्रेम प्रत्यक्ष बघितल्याशिवाय, शक्य तर जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. आणि जुनं कार्बन हँडल, स्टेम, सीट पोस्ट कधीच नाही. हँडल मोडतं तेव्हा सूचना देऊन मोडत नाही. हेल्मेटचंही तेच. ते एका धडकेसाठी बनवलेलं असतं आणि ती धडक आधीच बसून गेली आहे का, हे बाहेरून दिसत नाही.

## ४. विक्रेत्याला पट्टी घ्यायला लावा

चेनची झीज फोटोत दिसत नाही, पण साध्या पट्टीनं मोजता येते आणि विक्रेत्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. चेनचे २४ दुवे, म्हणजे पिनपासून पिनपर्यंत, नवेपणी बरोबर १२ इंच (३०४.८ मिमी) भरतात. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरायचा आणि १२ इंचाच्या खुणेपाशी पिन कुठे येते ते बघायचं. पिन दीड मिमी पुढे गेली असेल तर चेन बदलायला आली. तीन मिमी पुढे गेली असेल तर कॅसेटही तिच्याबरोबर झिजलेली धरा, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की जोर देताच ती उसळते.

बाकी प्रश्न थोडेच: सायकल शेवटची कधी चालवली? कोणते भाग मूळचे नाहीत? कधी आपटली आहे का? विकायचं कारण काय? उत्तरं लेखी घ्या, फोनवर नकोत. पुढे वाद झाला तर 'कधी आपटलेली नाही' हे त्यानं लिहिलेलं वाक्यच तुमच्या कामी येतं.

पुढे सस्पेन्शन असेल तर चकचकीत नळ्यांचा जवळून फोटो मागा. नखाला अडकणारा ओरखडा किंवा उडालेला मुलामा असेल तर सील तेल धरत नाहीत. सर्व्हिसिंग कधी झालं याचं उत्तर 'गरजच पडली नाही' असं आलं, तर झालेलं नाही.

## ५. खरी किंमत काढा

विक्रेता सांगतो तो आकडा म्हणजे सुरुवात. त्यात पाठवणीचा खर्च घाला आणि ज्या गोष्टी नव्या लागणार आहेत त्या एकेक लिहून काढा: चेन, कॅसेट, टायर-ट्यूब, केबल आणि त्यांची आवरणं, ब्रेकची रबरं किंवा पॅड, हँडलची टेप, मिस्त्रीची मजुरी. ही बेरीज त्याच दर्जाच्या नव्या सायकलीच्या किमतीशी ताडून बघा. फरक किरकोळ उरत असेल तर नवी घ्या. तिला वॉरंटी तरी असते.

भावाचा अंदाज बांधताना विकल्या गेलेल्या सायकलींचे आकडे बघा. चालू जाहिरातींतले आकडे म्हणजे विक्रेत्यांच्या इच्छा. आणि घासाघीस करायची ती तुमच्या यादीवर बोट ठेवून: चेन दीड मिमी लांबली आहे, मागचा टायर तडकला आहे, एवढा खर्च मला आहे. 'थोडं कमी करा ना' याला उत्तर 'नाही' येतं, यादीला बहुधा येत नाही.

## ६. सुटे भाग घेत असाल तर

अख्ख्या सायकलीपेक्षा सुट्या भागांत चुका जास्त होतात, कारण नावं सारखी आणि मापं वेगळी. नियम एकच: आपल्या सायकलीवरचा भाग आधी खोला, मोजा, त्यावर कोरलेला आकडा वाचा आणि मगच शोधायला बसा.

टायर आणि रिम. '२६ इंची' हे माप नव्हे. त्या नावाखाली ५५९ मिमीची रिमही येते आणि ५९० चीही, आणि एकीचा टायर दुसरीवर काही केल्या चढत नाही. टायरच्या कुशीवर '३७-६२२' अशी जोडी छापलेली असते: पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. जुळवायचा तो दुसरा. ७०० सी आणि २९ इंची दोन्ही ६२२, २७.५ इंची म्हणजे ५८४. जुनी २७ इंची मात्र ६३०, म्हणजे ६२२ पेक्षा मोठी. तिच्या जागी ६२२ चं चाक लावायचं तर ब्रेकची रबरं ४ मिमी खाली सरकायला जागा आहे का, ते बघा.

हबची रुंदी. फ्रेमच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर मोजा. क्विक रिलीजची (लिव्हरनं उघडणारी) पुढची चाकं १०० मिमी. मागची रोडला १३०, एमटीबी (डोंगरी सायकल) आणि बऱ्याच डिस्कवाल्यांना १३५, जुन्या रोड सायकलींना १२६. आरपार एक्सलचं गणित वेगळं: मागे १२ × १४२ किंवा १२ × १४८, पुढे १२ × १००, १५ × १०० किंवा १५ × ११०. 'थोडं ताणून बसेल' असं अॅल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेमबद्दल कुणी म्हणालं तर ऐकू नका.

कॅसेट की फ्रीव्हील. जाहिरातींत दोन्हींना काहीही म्हणतात. चाक हातात घ्या, दात उलटे फिरवा आणि मध्यभागी जिथे पाना बसतो त्या खाचा बघा. खाचा दातांबरोबर फिरल्या तर कॅसेट. त्या जागीच राहिल्या आणि दात भोवती फिरले तर आट्यांवर चढवलेलं फ्रीव्हील. एकाच्या हबवर दुसरं बसत नाही. शिमानोची ११ गिअरची रोड कॅसेट ८-९-१० गिअरच्या हबवर सहसा बसत नाही. उलट दिशेनं १.८५ मिमीची चकती घालून जमतं.

गिअर. शिफ्टरवरचे (हँडलवरची गिअर बदलायची कळ) गिअर आणि कॅसेटचे दात-चक्र सारख्या संख्येचे हवेत आणि शिफ्टर व मागचा डिरेलर एकाच घराण्यातले. शिमानोचे ९ गिअरपर्यंतचे रोड आणि एमटीबी डिरेलर साधारणपणे एकमेकांना चालतात. १० गिअरच्या एमटीबी सेटपासून केबल ओढण्याचं प्रमाण बदललं आणि तिथून पुढे सरमिसळ फसते.

ब्रेक लिव्हर. व्ही-ब्रेकला (दोन उभ्या हातांचा रिम ब्रेक) केबल जास्त ओढली जावी लागते, रोड कॅलिपरला (रोड सायकलचा चिमट्यासारखा ब्रेक) कमी. रोड लिव्हरवर व्ही-ब्रेक जोडला तर लिव्हर हँडलला टेकतो. उलटं केलं तर लिव्हर दगडासारखा कडक आणि ब्रेक मात्र कमजोर. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये कोणतं तेल आहे ते आधी विचारा. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट तेल (मोटारीच्या ब्रेकचं) गेलं, किंवा उलट झालं, की आतले सील फुगून निकामी होतात.

हँडल. स्टेमची पकड २५.४, २६.०, ३१.८ किंवा ३५ मिमी असू शकते. २५.४ आणि २६.० हातात सारखेच वाटतात, कॅलिपरला वाटत नाहीत. लिव्हर बसतो तिथे सरळ हँडल २२.२ आणि वळलेलं रोड हँडल २३.८ मिमीचं असतं, म्हणून एकाचे लिव्हर दुसऱ्यावर चढत नाहीत.

सीट पोस्ट. व्यास ०.२ मिमीच्या फरकानं बनतात. आकडा पोस्टच्या खालच्या भागावर कोरलेला असतो, तोच प्रमाण माना. २७.२ च्या जागी २७.० बसते, घट्टही होते, आणि दर महिन्याला थोडी थोडी खाली सरकते. मग माणूस बोल्ट आवळत राहतो आणि शेवटी फ्रेमचं तोंड दाबलं जातं.

क्रँकचं बेअरिंग. नळीची रुंदी मोजा. ६८ किंवा ७३ मिमी आणि आत आटे असतील तर बहुधा इंग्लिश मापाचं: उजव्या बाजूचे आटे उलटे. ७० मिमी असेल तर इटालियन असण्याची शक्यता, तिथे दोन्ही बाजूचे सुलटे. आटेच नसतील तर दाबून बसवायचं आहे. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत, म्हणून फ्रेमच्या कंपनीकडून माप कळेपर्यंत काही मागवू नका.

झिजणाऱ्या वस्तू (चेन, पॅड, केबल, टायर) जुन्या घेण्यात मला अर्थ दिसत नाही. धातूचे हब, क्रँक, शिफ्टर, स्टीलची फ्रेम, पेडल यांत मात्र खरा फायदा आहे.

## ७. मालकी आणि पैसे

सिरियल नंबर बहुतेक क्रँकच्या नळीखाली ठोकलेला असतो. तो खरवडलेला असेल, वर जाड रंग दिलेला असेल किंवा विक्रेता द्यायला तयार नसेल तर व्यवहार तिथेच संपला. नंबर मिळाला की चोरीच्या सायकलींच्या नोंदणीत शोधा. 'बाइक इंडेक्स'वर कुणालाही फुकट शोधता येतं. मूळ बिल असेल तर उत्तम. नसेल तर विक्रेत्याकडून नंबर आणि तारखेसह विक्रीची दोन ओळींची पावती घ्या.

पैसे संकेतस्थळाच्या स्वतःच्या, खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानंच द्या. 'बाहेर व्यवहार करू, कमिशन वाचेल' या वाक्यात वाचते ती त्याची जबाबदारी. ओळखीच्या माणसाला पैसे पाठवायची जी सोय असते, तिच्यातून दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. कुरिअरच्या नावानं आलेल्या लिंकवर कार्डाचा नंबर घालू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. 'दुसरा माणूस आत्ता येतोय, टोकन टाका' असं कळलं तर त्या दुसऱ्या माणसाला शुभेच्छा द्या.

थांबा आणि तपासा: मापं जुळली, फोटो आले, झीज मोजली, बेरीज झाली, नंबर तपासला. पाचही झाल्याशिवाय पैसे नाहीत.

## ८. पॅकिंग कसं करायचं ते तुम्ही सांगा

विक्रेत्यानं आयुष्यात पहिल्यांदाच सायकल पेटीत घातली असण्याची शक्यता दाट आहे. म्हणून लिहून द्या: पेडल काढलेली, मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून, गुंडाळून आत बांधलेला, पुढचं चाक काढलं की फोर्कच्या दोन टोकांमध्ये ठोकळा, हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची चकती किंवा जाड पुठ्ठा, आणि सुटे नट-बोल्ट एका पिशवीत घालून फ्रेमला बांधलेले. फोर्कमध्ये ठोकळा नसेल तर पेटीवर वजन पडताच टोकं आत दबतात. सायकलच्या दुकानातून पॅक करून घेणार असेल तर मजुरी तुम्ही द्या. या व्यवहारातला तो सगळ्यात स्वस्त विमा आहे.

## ९. पेटी आली

बंद पेटीपासून व्हिडिओ सुरू करा आणि सगळं बाहेर येईपर्यंत थांबवू नका. तक्रारीची मुदत त्याच दिवशी बघून ठेवा, काही ठिकाणी ती फारच कमी असते. पेटी फेकू नका.

जोडणी करण्याआधी तिसऱ्या पायरीतल्या सगळ्या जागा आता डोळ्यांनी आणि नखानं तपासा. फोटोतला सिरियल नंबर आणि हातातला नंबर एकच आहे ना, तेही. चाक बाहेर असताना हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर दाबू नका, नाहीतर पॅड एकमेकांना चिकटतात.

मग जोडणी, याच क्रमानं:

१. फोर्क उलटा नाही ना, ते बघा. पेटीत हँडल वळवलेलं असतं आणि घाईत फोर्क मागे तोंड करून तसाच राहतो. फोर्कची टोकं पुढे झुकलेली हवीत. डिस्कचा कॅलिपर तुमच्या डाव्या हाताला, रिमचा ब्रेक फोर्कच्या पुढच्या अंगाला.

२. हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग). आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले, मग वरच्या टोपीचा बोल्ट हळूहळू, ढिलेपणा जाईपर्यंतच. मग स्टेम सरळ करून बाजूचे बोल्ट घट्ट. हा क्रम उलटा केला तर टोपीचा बोल्ट कितीही आवळा, हेडसेट खडखडतच राहतो. स्टेमवर ५ न्यूटन-मीटर असा आकडा छापलेला असेल तर तो पाळा.

३. पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आट्यांना ग्रीस लावून पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. बोटांना जात नसेल तर पाना लावू नका, तिरकं चढलेलं पेडल क्रँकचे आटे घेऊन जातं.

४. चाकं. एक्सल खाचेत पूर्ण बसली की मगच क्विक रिलीज बंद करा. लिव्हर बंद करताना तळहातावर वळ उठायला हवा.

५. ढिलेपणा. पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवा (हेडसेट), क्रँक आडवी हलवा (बेअरिंग), रिम धरून डावी-उजवीकडे हलवा (हब). शेजारशेजारचे स्पोक जोडीनं चिमटीत दाबा. एखादी जोडी सैल लागली तर आउट काढायला द्या.

पहिली फेरी रिकाम्या, सपाट जागी, चालण्याच्या वेगानं. दोन्ही ब्रेक जोरात दाबून बघा, मग गिअर. हे नीट झालं तरच विक्रेत्याला संकेतस्थळावर 'माल मिळाला, ठीक आहे' असं कळवा. त्याआधी तो कितीही घाई करत असला तरी नको, कारण बऱ्याच ठिकाणी त्या बटणाबरोबरच पैसे सुटतात.

पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर क्रँक, पेडल, स्टेम आणि सीटचे बोल्ट एकदा पुन्हा तपासा. चौकोनी एक्सलवरची क्रँक तर हटकून थोडी सैल झालेली सापडते. तशीच चालवत राहिलात तर तिचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग कितीही आवळली तरी ती धरत नाही, नवीच घ्यावी लागते.